होतकरू खडे

न कापलेल्या रत्नांच्या बाजारातली भाषा समजून घ्यायची असेल, तर खनिजशास्त्राच्या ग्रंथाआधी शाळेतलं मराठी व्याकरण उघडावं. त्यात क्रियापदाचे चार अर्थ दिलेले असतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'खडा निळा आहे' हा स्वार्थ. जे आहे ते सांगितलं, विषय संपला. 'खडा घ्या' हा आज्ञार्थ. 'या खड्यातून अंगठीचं रत्न निघावं' हा विध्यर्थ. आणि 'आत चीर नसती तर दोन निघाली असती' हा संकेतार्थ. हा घरी परतल्यावर वापरतात. परीक्षेपुरतं पाठ करून आपण हे चारही अर्थ विसरतो, रत्नांचा व्यापारी मात्र विसरत नाही. त्याच्या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दिसायला विशेषण असतो, ऐकायला स्वार्थ वाटतो आणि निघतो विध्यर्थ. माझं म्हणणं असं, की कच्च्या खड्याचं बाजारातलं नाव हे त्या खड्याचं वर्णन नसतंच. पुढेमागे त्याचं काय होईल याची आशा आणि ती फसली तर भुर्दंड कोणाला, एवढाच मजकूर त्या नावात असतो. व्याकरणकारांनी पहिल्या अर्थाला 'स्वार्थ' हे नाव ठेवण्याआधी जोहरी बाजारात एक फेरी मारली असती, तर ते नाव त्यांनी चौघांनाही दिलं असतं.

सुरुवात हिऱ्यापासून करू. कच्च्या हिऱ्याला सुरतेपासून अँटवर्पपर्यंत 'रफ' म्हणतात, आणि रफमध्ये दोन खानदानी घराणी आहेत, सॉएबल आणि मेकेबल. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवावेत तसा नीट आठ बाजूंचा स्फटिक असेल तर तो सॉएबल, म्हणजे करवतीखाली घालण्याजोगा. त्याचे दोन भाग करून दोन हिरे निघतात. वेडावाकडा असेल पण न चिरता त्यातून एक हिरा घडवता येईल, तर मेकेबल. दोन्ही शब्दांच्या शेपटाला 'जोगा' लटकलेला आहे हे लक्षात घ्यावं. लग्नाच्या जाहिरातीत 'होतकरू' हा शब्द जे काम करतो तेच काम हा 'जोगा' करतो: आज मुलगा काय करतो हे न सांगता उद्या तो काय करू शकेल याकडे मुलीच्या बापाची नजर वळवणं. त्यांच्या खालोखाल येतो 'निअर जेम', म्हणजे जवळजवळ रत्न. जवळजवळ पास झालेल्या मुलाला आपण काय म्हणतो ते सर्वांना माहीत आहे, पण हिऱ्यांच्या बाबतीत या 'जवळजवळ'वर अख्खं सुरत शहर उभं राहिलं. ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीत 1980च्या दशकात हिऱ्यांचा जो डोंगर निघू लागला, त्यातला बराचसा माल बारीक, तपकिरी आणि डागाळलेला होता. अँटवर्पच्या कारागिराची मजुरी धरली तर तो कारखान्यातल्या भुकटीच्या लायकीचा. सुरतेच्या हिराघसूची मजुरी धरली तर तोच दगड जवळजवळ रत्न. दगडात तसूभर फरक नाही, त्यातल्या कार्बनला आपली बढती झाल्याचा पत्ताही नाही. बदलली ती घासणाऱ्याची मजुरी, आणि तिच्याबरोबर दगडाची जात. नाव वस्तूचं वर्णन करत असतं, तर ते समुद्र ओलांडल्यावर बदललं नसतं.

रंगीत खड्यांकडे आलं की ही शिडी आणखी लांब होते. पैलू पडतील असा तो फॅसेट ग्रेड. तितका स्वच्छ नाही, पण घुमटासारखा गोलसर घासला तर शोभेल तो कॅब ग्रेड. तेही जमणार नसेल तर मणी, नाहीतर कोरीवकाम, आणि अगदीच काही नाही तर ड्रममध्ये फिरवून गुळगुळीत गोटे. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्‌स अशी जी वाटणी आपल्याकडे होते तिचीच ही आवृत्ती, आणि तिच्यासारखीच ही वाटणीदेखील अजून काहीच न केलेल्या उमेदवारावर त्याचं सगळं भविष्य चिकटवून मोकळी होते. या शिडीवर ए, डबल ए, ट्रिपल ए अशी अक्षरं लावण्याचीही प्रथा आहे. रंगीत खड्यांसाठी या अक्षरांचं जगभर मान्य असं कोणतंही माप नाही. प्रत्येक दुकान आपला ए आपणच ठरवतं. मराठीत 'आ' लांबवत नेला की किंकाळी होते, आणि माल घरी आणून भिंगाखाली धरल्यावर तीही ऐकू येऊ शकते.

जयपूरच्या जोहऱ्यांकडे न कापलेल्या रत्नाला 'खरड' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द फार गोड लागावा, कारण आपल्याकडे 'खरडा' म्हणजे कच्चा मसुदा. (कोल्हापूरकडे मिरचीचा खरडाही असतो. तो खाल्ल्यावर आणि खरड घेतल्यावर डोळ्यांत येणाऱ्या पाण्यात फरक करणं कठीण आहे.) मसुद्याचं आणि कच्च्या रत्नाचं नशीब सारखंच, दोघांतलं बरंचसं कापलं जातं. 1905 साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिरा 3106 कॅरटचा होता, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास; घरातल्या फ्लॉवरचा मध्यम गड्डा. 1908 साली ॲमस्टरडॅममध्ये तो फोडून घासला, तेव्हा नऊ मोठे आणि 96 छोटे हिरे मिळून वजन भरलं सुमारे 1056 कॅरट. दोनतृतीयांश हिरा नाहीसा झाला. कोहिनूर तर आधीच घासलेला होता. तरी 1852 साली लंडनमध्ये पुन्हा घासताना त्याचे सुमारे 186 कॅरटवरून 105.6 झाले. जगातल्या सर्वात बड्या घरच्या हिऱ्यांची ही गत, तर रंगीत खड्याच्या खरडीतून चौथाई हाती आली तरी कारागीर देवाला नारळ फोडतो. म्हणून खरड ग्रॅमवर नाहीतर किलोवर विकतात आणि रत्न कॅरटवर. भाव किलोचा सांगायचा आणि स्वप्न कॅरटचं दाखवायचं, ही दोन मापांमधली दरीच या धंद्यातली खरी खाण आहे.

'रन ऑफ माइन' या शब्दाकडे पाहावं. अर्थ असा, की खाणीतून निघाला तस्सा माल, हात न लावलेला. ऐकायला किती निरागस! पण तांदूळ निवडणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला खडे बाजूला काढणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. इथे फक्त खडे ठेवायचे असतात आणि उरलेलं विकायचं असतं. खाणीत खणणाऱ्याची नजर मालावरून फिरते, मग मुकादमाची, मग मालकाची, मग विमानतळाजवळच्या दलालाची. एवढ्या नजरांखालून आलेला माल जर हात न लावलेला असेल, तर एसटी स्टँडवरचं वर्तमानपत्रही न वाचलेलंच म्हणायला हवं. नाव खोटं आहे असं मी म्हणत नाही. खाणीतून माल खरंच तसाच निघाला असेल, पण शब्दाने सांगितला तो प्रवासाचा पहिला क्षण आणि झाकला उरलेला प्रवास.

याच्याहून मोठा चमत्कार डी बिअर्स कंपनीने करून दाखवला. विसाव्या शतकात बराच काळ जगातल्या बहुतेक कच्च्या हिऱ्यांची विक्री तिच्या हातात होती, आणि त्या विक्रीचं नाव होतं 'साइट', म्हणजे पाहणं. वर्षातून दहा वेळा निवडक व्यापाऱ्यांना लंडनला बोलवायचं आणि प्रत्येकासमोर त्याचा खोका ठेवायचा. खोक्यात काय घालायचं आणि त्याचा भाव काय, दोन्ही कंपनी ठरवणार. व्यापाऱ्याने पाहायचं आणि एकतर सबंध खोका उचलायचा, नाहीतर सबंध ठेवायचा. त्यातलं एवढंच द्या, एवढं काढून घ्या, असं म्हणायची सोय नाही, आणि फार वेळा नाही म्हणणाऱ्याला पुढचं आमंत्रण येईल याची खात्री नाही. आपल्याकडे याला दर्शन म्हणतात. तास न् तास रांगेत उभं राहून मूर्तीसमोर आल्यावर देवाशी घासाघीस कोणी करत नाही, पुढचा पुढे ढकलला जातो. 2013पासून ही विक्री बोट्स्वानातल्या गॅबरोनला हलली. पंढरपूर बदललं, पंथ तोच. म्यानमारमध्ये पाहण्याची ही कला त्याच्याही पुढे गेली आहे. तिथले जेडचे धोंडे वरच्या मातकट सालीसकट विकले जातात आणि सालीत कुठेतरी छोटीशी 'खिडकी' घासलेली असते. खिडकीतून हिरवंगार दिसतं. घरात तेच असेल असं खिडकीने कधीच म्हटलेलं नसतं. चिनी व्यापारी या दगडाला सरळ जुगाराचा दगड म्हणतात, आणि या लेखात आलेल्या शब्दांतला हा एकच शब्द मला वकिलाशिवाय वाचता येण्याजोगा वाटतो.

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक धंद्याची परिभाषा असते. डॉक्टरांची असते, वकिलांची असते, बिचाऱ्या जोहऱ्यांच्याच नावाने खडे का फोडायचे? आक्षेप अर्धा खरा आहे. सॉएबल आणि मेकेबल यांच्यामागे स्फटिकाच्या आकाराचं पक्कं ज्ञान आहे, आणि ते विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही असतं. पण परिभाषेचा कल कुठे आहे ते तपासायला हवं. आपल्या जुन्या रत्नशास्त्रात हिऱ्याच्या दोषांना नावं होती: मल, बिंदू, रेखा, यव आणि काकपद. काकपद म्हणजे आत कावळ्याचा पाय उमटल्यासारखी चीर. अलाउद्दीन खिलजीच्या दरबारी असलेल्या ठक्कुर फेरूने 1315 साली रत्नपरीक्षेवर ग्रंथ लिहिला, तोही याच परंपरेतला. त्या ग्रंथांनी हिऱ्यांनाही ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र अशा जाती वाटल्या, तेव्हा त्यांना डोक्यावर घेण्याचं कारण नाही. पण कावळ्याच्या पायाला ते कावळ्याचा पाय म्हणत होते. आता पाचूकडे पाहा. पाचूच्या आत चिरा, बुडबुडे, शेवाळासारखे डाग असतातच, आणि जागतिक बाजारात त्या सगळ्या पसाऱ्याला फ्रेंचमध्ये 'जार्दँ' म्हणतात, म्हणजे बाग! नीलमण्यातल्या बारीक सुयांचं नाव 'रेशीम'. दोष होता तोवर कावळा होता. त्याची बाग झाली तेव्हा गिऱ्हाईक त्यात फिरायला पैसे मोजू लागलं. परिभाषा ज्ञानासाठीच असती, तर ती इतक्या नेमाने सुगंधाच्याच दिशेला घसरली नसती.

शिवाय झाकण्याचं काम फक्त शब्द करत नाहीत. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये लिहितो, की इथले कारागीर स्वच्छ हिऱ्याला नुसती चाकावर फिरवणी देऊन सोडतात. आत डाग किंवा चीर असली तरच ती लपावी म्हणून त्यावर भाराभर पैलू पाडतात. मराठीत सत्काराच्या भाषणांतून 'त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला अनेक पैलू आहेत' असं म्हणण्याची पद्धत आहे. तावेर्नियेचा हिशेब लावला तर सत्कारमूर्तीच्या घरच्यांनी माईक बंद करायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भविष्याचं भाकीत कच्च्या मालात अटळच नाही का? आंब्याच्या बागेचा सौदाही मोहोरावर होतो. शिवाय आशेची ही भाषा कधी कधी खरी ठरते. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचा धुरकट, दुधाळ कुरुंद मिळतो. पूर्वी त्याला कोणी विचारत नसे. 1970च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांना उमगलं, की हा दगड दीड हजार अंशांच्या वर तापवला तर आतलं रेशीम विरघळतं आणि खडा निळाशार होतो. म्हणजे गेउडा हा खराखुरा होतकरू निघाला. अगदी कबूल. फक्त त्या काळात कोणता शब्द कोणाच्या तोंडी होता ते पाहा. थाई व्यापारी किलो किलो गेउडा उचलत होते तेव्हा त्यांनी त्याला 'नीलम होण्याजोगा' असं नाव दिलं नाही. घेताना ते त्याला गेउडाच म्हणत राहिले, आणि तापवून झाल्यावर नीलम म्हणू लागले. विकणारा विध्यर्थात बोलतो आणि घेणारा, त्याला खरं माहीत असेल तर, स्वार्थात गप्प राहतो. आशेचा शब्द नेमका तेव्हाच गायब झाला, जेव्हा ती आशा खरी होती.

आता यंत्रं आली आहेत. कच्चा हिरा स्कॅन करून आतल्या प्रत्येक डागाचा नकाशा पडद्यावर काढणारी इस्रायली यंत्रं सुरतेत आहेत, आणि करवत लावण्याआधीच दोन निघतील की एक हे कळतं. तेव्हा अज्ञान संपलं, भाषाही सुधारेल, असं वाटणं साहजिक आहे. पण यंत्र ज्याच्याकडे आधी येतं तो आधी पाहतो, आणि जे पाहून झालंय ते पुढे सरकवतो. पुढच्याला मिळतो तो यंत्राने नाकारलेला 'रफ', नाव तेच. रंगीत खड्यांच्या किलोकिलोच्या पोत्यांना तर हे कौतुक परवडतच नाही.

मग प्रामाणिक भाषा कुठे सापडते? जिथे बोलणाऱ्याच्या खिशाला दगड टोचत नाही तिथे. मध्य प्रदेशात पन्न्याला आठ मीटर बाय आठ मीटरचा तुकडा सरकारकडून पट्ट्याने घेऊन कोणीही हिरे खणू शकतो. हिरे असलेल्या कंकराला तिथे 'चाल' म्हणतात, आणि मराठी माणसाने ती चाल ओळखूनच खणायला बसावं. सापडलेला हिरा सरकारी हीरा कार्यालयात जमा करायचा. तिथे त्याची वर्गवारी होते, पांढराशुभ्र तो उज्ज्वल, रंग डागाळलेला तो मैला. मैला! लिलावाच्या वस्तूवर इतका रोखठोक शब्द फक्त सरकारच लिहू शकतं, कारण त्याला आपलं स्वामित्वधन घ्यायचंय, हिरा गळ्यात बांधायचा नाही. जकातीच्या पुस्तकाचीही तीच शैली: 'न घडवलेले, किंवा केवळ चिरलेले, किंवा ढोबळ आकार दिलेले.' बाग नाही, रेशीम नाही, उद्या नाही. काव्याचा इतका संपूर्ण अभाव असलेली वाक्यं वाचताना डोळे भरून येतात.

आणि खुद्द व्यापारी? आपापसात ते या शब्दांना किती मान देतात हे त्यांच्या दोन रिवाजांवरून कळतं. एक म्हणजे जांगड. माल पसंतीसाठी न्यायचा, चिठ्ठी लिहून द्यायची, पैसे नाहीत. घेतला असं नाही, नाही घेतला असंही नाही. संकेतार्थाला कागदावर उतरवून त्यावर सही घेण्याचा असा प्रकार कोणत्याही व्याकरणकाराला सुचला नव्हता. दुसरा रिवाज तावेर्नियेनेच नोंदवला आहे. दोघे समोरासमोर बसतात, विकणारा कमरेच्या वस्त्राचा पदर सोडतो आणि त्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो. सबंध हात म्हणजे हजार, पाच बोटं म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर. भोवती माणसं असतात, कोणाला काही कळत नाही, दोघांच्या तोंडून शब्द निघत नाही. खड्याचा खडान् खडा हिशेब ज्यांना ठाऊक आहे ते भावाची वेळ आली की भाषा बाहेर ठेवतात, चपलांसारखी.

पंचाईत होते ती या शब्दांनी बाजार सोडून लग्नाच्या हॉलमध्ये प्रवेश केल्यावर. 'पोलकी' हा शब्द आता मुहूर्ताइतका अनिवार्य झाला आहे, आणि आजीच्या पिढीला पोलकं म्हणजे ब्लाउज एवढंच माहीत असल्याने तीन लाखांचं पोलकी ऐकून ती गप्पच बसते. पोलकी म्हणजे 'अनकट' हिरा, असं अभिमानाने सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो चपटा चिरलेला, वरून चमकवलेला आणि पाठीमागे वर्ख लावून कुंदनात बसवलेला असतो. कापलेला असूनही न कापलेला म्हणवला जाण्यासाठी जास्त पैसे पडतात. 'अमेरिकन डायमंड'चं तर काय सांगावं. तो खडा डायमंड नाही, आणि तो कारखान्यात मोठ्या प्रमाणात बनवण्याची रीत 1970च्या दशकात मॉस्कोच्या एका सोव्हिएत संस्थेत बसवली गेली. शीतयुद्धात रशियाने अमेरिकेच्या नावावर जे जे खपवलं, त्यात मंगळसूत्राच्या वाट्यांपर्यंत पोहोचलेलं बहुधा हेच. नाही म्हणायला चुकीच्या नावाने याहून वर चढलेला एक न कापलेला खडा आहे: ब्रिटिश राजमुकुटाच्या कपाळावरचा 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' हा माणिक नसून स्पिनेल आहे. दोन्ही खनिजं वेगळी हे 1783 साली शास्त्राने सांगितलं. मुकुटाने ते मनावर घेतलं नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला हिरे-माणकं फारशी आली नाहीत, पण एक दगड असा आला की त्यापुढे ही सगळी शब्दसृष्टी लंगडी पडते. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइट नावाचं गर्द निळं खनिज सापडतं, पांढऱ्या स्फटिकांवर निळ्या फुलांसारखं. नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. आत जे आहे तेच वर लिहिलेलं, औषधाच्या बाटलीसारखं. त्याला कापायचं नसतं, घासायचं नसतं, ते काही होण्याजोगं नसतं. जगभरचे संग्राहक ते जसं आहे तसं काचेच्या कपाटात ठेवतात. मात्र ज्या खाणीत ते सापडतं ती त्याच्यासाठी खणलेलीच नाही. तिथे क्रशर धडधडत असतो आणि शेजारच्या दगडाची खडी होत असते. खडा आणि खडी यांत मराठीने फक्त लिंगाचा फरक केला, पण खडीचा व्यवहार पाहून घ्यावा. तिला ग्रेड नाही, बाग नाही, खिडकी नाही. ट्रकवाला हातावर कापड न टाकता, चारचौघांत, इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगतो: वीस एमएम, भाव ब्रासवर, वाहतूक वेगळी.